तिसरी पेटी

त्या बुधवारी गिरिजा होनरावने दुपारी एक वाजता डबा उघडला आणि नेहमीप्रमाणे आप्पांचा फोन आला. गेले तेरा दिवस तो याच वेळी येत होता.

"काय आहे आज?"

"दोडका. तुमचं?"

"माझं काय असणार? कडक भाकरी, शेंगाचटणी. पाण्यात भिजवून ठेवलीय मघापासून. इथली माणसं येऊन बघून जातात. काल एक बाई विचारत होत्या, साहेबानू, ही भाकरी की कौल?"

गिरिजा हसली. पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या तिच्या टेबलावर दोन पडदे होते आणि एका पडद्यावर कारवण्याची खाडी वरून दिसत होती. खाडीच्या मध्यावर नांगरलेली जुनी फेरीबोट काडेपेटीएवढी दिसत होती. तिच्यावर आप्पा बसलेले असत. एकाहत्तर वर्षांचे, सोलापूरच्या कामगार कार्यालयातून समेट अधिकारी म्हणून निवृत्त झालेले भालचंद्र होनराव. जन्मात मासा न खाल्लेले आणि पोहता न येणारे.

"आप्पा, उद्या चौथी बैठक. या वेळी तरी खरे आकडे सांगतील ना?"

"सांगतील असं वाटतंय. कारवण्याच्या शेवंताबाई काल पहिल्यांदा रडल्या माझ्यासमोर. रडल्यावर माणूस भाव चढवून सांगत नाही."

"तुमच्या वाटण्यावर माझं यंत्र चालत नाही."

"नाही चालत," आप्पा मजेत म्हणाले. "म्हणून तर मला बसवलंय ना त्याच्याशेजारी. दोडक्यात दाण्याचं कूट घातलंस का?"

तिने घातलं नव्हतं. तिने घातलं म्हणून सांगितलं. मग तिला ऑफिसच्या मीटिंगला जायचं होतं, त्यांना भाकरी खायची होती, आणि फोन संपला. त्या दिवशी याहून वेगळं काही झालं नाही.

*

भांडण माशांचं होतं. समुद्र तापत गेला तसा बांगडा उत्तरेकडच्या, थंड पाण्याकडे सरकला आणि जो उरला तो खाडीच्या मुखाजवळच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात येऊ लागला. खाडीच्या अलीकडचं कारवणे छोट्या होड्यांचं. पलीकडचं शिरसई मोठ्या, यांत्रिक जाळ्यांच्या बोटींचं. पट्टा दोघांनाही हवा होता. दोन वर्षांपूर्वी आधी होड्यांची जाळी कापली गेली, मग बोटींवर दगड आले. मग एका पहाटे एक बोट जळाली आणि तिच्यावरची झटापट थांबली तेव्हा दोन माणसं गेली होती. कारवण्याच्या मासळीविक्रेत्या शेवंता कुबल यांचा मुलगा आणि शिरसईच्या बोटमालक यशवंत पराडकरांचा धाकटा भाऊ.

गिरिजाच्या यंत्राची कल्पना तशी सोपी होती. समेट फसतो, कारण आपली खरी शेवटची मर्यादा कुणीच बोलून दाखवत नाही. ती कळली की समोरचा तिथपर्यंत रेटत नेतो. मग दोघंही लांबचे आकडे धरून बसतात आणि मधे जागा असूनही ती कुणाला दिसत नाही. यंत्र ती जागा शोधून द्यायचं आणि शोधताना कुणाचीही मर्यादा कुणालाच कळू द्यायचं नाही, स्वतःलासुद्धा.

हे कसं, ते आप्पांनी कारवण्याच्या लोकांना देवळाच्या ओट्यावर बसून समजावलं होतं. "समजा, महिन्यातले किती दिवस पट्टा हवा, याचा तुमचा खरा आकडा नऊ आहे. त्याच्या तीन चिठ्ठ्या करा. एकीवर पंचावन्न, दुसरीवर उणे ऐंशी, तिसरीवर चौतीस. तिन्हींची बेरीज नऊ. पण एकच चिठ्ठी कुणाच्या हाती लागली तर त्याला काय कळेल? कप्पाळ! आता एक चिठ्ठी तुमच्या पेटीत, एक त्यांच्या पेटीत, एक तिसऱ्या पेटीत. त्यांच्याही आकड्याच्या अशाच तीन. पेट्या आपापल्या चिठ्ठ्यांवर गणित करतात आणि शेवटी फक्त उत्तर एकत्र करतात. मेळ आहे की नाही, आणि असला तर कुठे. चिठ्ठ्या मग पुसून जातात."

पहिल्या वर्षी तिसरी पेटी सरकारी सर्व्हरमध्ये ठेवली होती. वीस मिनिटांत करार झाला, वर्तमानपत्रांत गिरिजाचा फोटो आला, आणि करार आठ दिवस टिकला. सर्व्हर पलीकडच्यांनी विकत घेतला, असं दोन्ही गावांना एकाच वेळी वाटू लागलं होतं. बोट जळाली ती नवव्या दिवशी.

"ती पेटी माणसाच्या मांडीवर ठेव," तेव्हा आप्पा म्हणाले होते. "ज्याला त्या खाडीतलं काहीच नको, असा माणूस."

"माणसाने काय फरक पडणार आहे? त्याला काही दिसणारसुद्धा नाही."

"त्याला दिसू नये. तो त्यांना दिसावा. गावातल्या माणसाला सगळं ठाऊक असतं, म्हणून त्याला कुणी काही सांगायला जात नाही. मला होडीचं पुढचं टोक कुठलं तेही कळत नाही, म्हणून मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. सांगता सांगता ते स्वतःच ऐकतात."

गिरिजाला हे पटलं नव्हतं. तरी यंत्र वाचवायला दुसरा मार्ग नव्हता. तिने तिसरी पेटी माणसाला दिली आणि इंजिनिअरच्या सावधपणाने एक नियम घातला. गणित चालू असताना तिसरी पेटी सांभाळणाऱ्याने फेरीबोट सोडायची नाही आणि दोन्हीकडच्या कुणीही त्याला हात लावायचा नाही. त्याच्या मनगटावरचा पट्टा नाडी बघत राहील. तो कुठल्याही बाजूच्या बोटीत चढला तर सगळ्या चिठ्ठ्या तत्क्षणी पुसल्या जातील. नाहीतर त्याला उचलून नेऊन एखादी बाजू त्याची पेटी फोडू शकली असती. नियम निर्दोष होता. तिने तो तीनदा तपासला होता.

दोन्ही गावांनी नावं सुचवली, एकमेकांची नावं खोडली आणि शेवटी ज्याच्यावर कुणालाच आक्षेप घेता आला नाही तो माणूस उरला. तिचे वडील. ते दोन्हीकडे रोज जात, पण चहासुद्धा घेत नसत. येण्याजाण्याला सरकारी होडी, प्यायला स्वतःचा फिरकीचा तांब्या. तरी पहिल्या तीन बैठकींत यंत्राने 'मेळ नाही' म्हणून सांगितलं, कारण लोक पेटीशीही घासाघीस करत होते. लिलावात बोली लावत आयुष्य गेलेली माणसं ती. पहिल्याच दमात खरा आकडा सांगायचा, हे त्यांच्या जिभेला जमेना. चार माणसांत सांगायचा तो आकडा, त्यावर थोडं वर, पेटी काय ते कमी करील, असा हिशोब. "अरे, ती कमी करत नाही रे बाबांनो," आप्पा घसा कोरडा होईपर्यंत सांगत. शेवंताबाईंना वेगळीच शंका होती. "ह्या पेटीक खरा सांगलंय, आणि तिना पलीकडे जाऊन सांगल्यान तर?"

*

गुरुवारी साडेदहाला चौथी बैठक सुरू झाली. फेरीबोटीवर मधे आप्पा, डाव्या अंगाला कारवण्याची पाच माणसं, उजव्या अंगाला शिरसईची पाच. दोन्हीकडच्या बोटी दोन बाजूंना बांधलेल्या. सरकारी होडी आप्पांना सोडून परत गेली होती, ती एक वाजता येणार होती.

पुण्यात गिरिजाच्या पडद्यावर तीन पेट्यांचे तीन हिरवे ठिपके होते आणि एक पट्टी हळूहळू भरत होती. आतलं काहीच दिसत नसे. किती टक्के झालं, एवढंच.

अकरा दहाला फोन वाजला.

"गिरिजा, कामात आहेस का?"

"बोला ना. साठ टक्के झालंय, आप्पा! या वेळी पट्टी मधे अडली नाही कुठे."

"हो का? बरं झालं. मला जरा छातीत भरून आल्यासारखं होतंय. पराडकरांचा पुतण्या डॉक्टर आहे, त्यांच्याच बोटीवर बसलाय. उतरून दाखवून येऊ का? जावं असं वाटतंय."

तिने पट्टीकडे पाहिलं. एकसष्ट.

"सकाळी काही खाल्लंत का?"

"भाकरी."

"आणि चटणी. पित्त झालं असेल, आप्पा. मागच्या दिवाळीत झालं होतं तसंच. तुम्ही त्या बोटीत पाय ठेवलात की सगळं पुसलं जाणार. परत हे लोक बसतील का? वीस मिनिटं. वीस मिनिटं थांबा ना."

पलीकडे पाण्याचा चुबुकचुबुक आवाज येत होता.

"बरं," आप्पा म्हणाले. "थांबतो."

अकरा तेहेतीसला पडद्यावर अक्षरं आली: मेळ आहे. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तिचा सहकारी तन्वीर काझी खुर्चीवरून उठून तिच्या पाठीवर थापा मारत राहिला. तिने आप्पांना फोन लावला. वाजत राहिला. ते आता सगळ्यांशी हात मिळवत असतील, असं तिला वाटलं, म्हणून पाच मिनिटांनी पुन्हा लावला. बारा वाजता नायब तहसीलदार शेट्ये यांचा फोन आला. त्या बाई फार हळू बोलत होत्या.

*

पुढचं सगळं तिने नीट केलं. ही गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली.

देह सोलापूरला न्यायचा होता, तिने गाडी ठरवली. दाखल्यावर 'भालचंद्र'च्या जागी 'बालचंद्र' पडलं होतं, ते तिने खिडकीपाशी उभं राहून दुरुस्त करून घेतलं. सोलापुरात जंगम आले, विभूती लावली, बेलपत्रं वाहिली. त्यांच्या लिंगायत समाजात बसवूनच नेतात आणि बसवूनच पुरतात. आप्पा फुलांच्या मखरात ताठ बसले होते. दोन्ही बाजूंना माणसं होती आणि मधे ते, कुणाच्याही बाजूला न झुकता. तिला वाटलं, आता कुणीतरी पहिल्यांदा बोलेल आणि ते त्याच्याकडे मान वळवतील.

"रड गं," आत्या तिला हलवून म्हणाली. "दगड होऊन बसू नको."

"हो, आत्या," ती म्हणाली आणि आलेल्यांना पाणी द्यायला उठली.

इस्पितळातून त्यांचं सामान प्लास्टिकच्या पिशवीत आलं होतं. चष्मा, तांब्या, फोन. फोनवर शेवटचा लागलेला कॉल तिला केलेला होता. दोन मिनिटं चार सेकंद. पोलिसांनी तो पाहिला नव्हता. पाहण्याचं कारणच नव्हतं. हृदयविकाराचा झटका, वय एकाहत्तर, साक्षीदार दहा.

आठव्या दिवशी ती पुण्याला परतली आणि मनगटावरच्या पट्ट्याची नोंद उघडून बसली. नाडी अकरापासून बिघडत गेली होती. अकरा दहाला रेघ वेडीवाकडी, अकरा वीसला त्याहून. अकरा तेहेतीसला मेळ मिळाला. अकरा छत्तीसला रेघ संपली. या सगळ्या वेळात तिसऱ्या पेटीचा ठिपका हिरवाच राहिला होता, कारण तिने यंत्राला नाडी आहे का एवढंच बघायला सांगितलं होतं. कशी आहे, हे नाही.

ती नोंद तिने किती वेळा पाहिली कोण जाणे. डोळ्यांना काही होत नव्हतं. जेवणाच्या वेळी ती जेवत होती. झोप येत होती. दुपारी एकला ती डबा न उघडता बसून राही, एवढाच काय तो फरक.

तन्वीर तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला. त्यालाच तिने त्या फोनबद्दल सांगितलं होतं, एखादी तांत्रिक चूक सांगावी तसं.

"कॉलची नोंद कुणी मागितलेली नाही, गिरिजा."

"माहितेय."

"आणि मागणारही नाही. सांगून कुणाचं भलं होणार आहे? लोक म्हणतील, यंत्राने माणूस मारला. दोन वर्षांनी पहिल्यांदा मेळ मिळालाय. मेळ कुठे आहे ते बघायला तिसरी पेटी उघडावी लागते, एकवीस दिवसांत उघडली नाही तर उत्तरच पुसलं जाईल. आज बारावा दिवस."

"उघडणार कोण?"

तन्वीरने कागद पुढे केला. तिसरी पेटी सांभाळणाऱ्याला काही झालं तर ती कुणाकडे जावी, या रकान्यात आप्पांचं सुबक अक्षर होतं. गिरिजा भालचंद्र होनराव. नातं: मुलगी. पुढे एक रकाना होता, 'निवडीचं कारण', तो त्यांनी रिकामा ठेवला होता.

*

विसाव्या दिवशी ती सरकारी होडीतून फेरीबोटीवर चढली. सकाळचे दहा वाजले होते. पेटी तिच्या पिशवीत होती, पितळी डब्याएवढी. अंगठा ठेवला की करार उघडणार होता.

शेट्येबाईंनी तिला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं. "मॅडम, तुम्ही उघडाल हो. पण सही कोण करणार? दोन्ही गावं इरेला पेटलीत. साहेबांना कुणी मारलं, यावरून."

"मारलं?"

"म्हणजे वाचवलं नाही कुणी. कारवणे म्हणतं शिरसईने, शिरसई म्हणतं कारवण्याने. परवा धक्क्यावर पुन्हा दगड आले. उद्या काय येईल सांगता येत नाही."

गिरिजा मधल्या बाकावर बसली, कारण तेवढीच जागा मोकळी होती. डावीकडे शेवंताबाई. ठेंगणी, काटक बाई, नऊवारी घट्ट खोचलेली. उजवीकडे पराडकर. इस्त्रीचा सदरा, गळ्यात भावाच्या फोटोचं पदक.

"चेडवा, जेवलंस काय?" शेवंताबाईंनी पहिल्यांदा हेच विचारलं. "तुजो बापूस चांगलो माणूस होतो गो. माझो झील गेल्यार माका कोणी इचारूक नाय, तो कसो होतो म्हणान. तुज्या बापाशीन इचारल्यान. दोन तास ऐकत बसलो."

"त्यांनी माझ्या भावाबद्दलही विचारलं होतं," पराडकर कोरड्या आवाजात म्हणाले.

"मगे तुमच्या बोटीर डाक्टर होतो ना? साहेबांचो घाम आमका हयसून दिसलो. तुमका दिसलो नाय?"

"दिसला. तुम्हालाही दिसला, मग तुम्ही का नाही हललात? धक्का तुमचा जवळ होता."

"आमी नेलाव असता तर तुमीच बोंब मारलो असतास, कारवण्यान पेटी पुसली म्हणान!"

"तेच! तेच आम्हालाही वाटलं. माझा पुतण्या उठला होता, मीच त्याला खाली बसवला. म्हटलं, साहेब स्वतः उठत नाहीत तोवर आपण हात लावायचा नाही. आता तो पोरगा माझ्याशी बोलत नाही."

"मगे कबूल करा! तुमीच बसवलास त्याका!"

"आणि तुम्ही काय करत होता? पाच माणसं तुम्हीही होता ना इथे? का ते मेले तर आमच्यावर येईल, म्हणून वाट बघत होता?"

मागची माणसं उभी राहिली. फेरीबोट एका अंगाला कलली. शेट्येबाई "बसा, आधी बसा" म्हणत राहिल्या, पण त्यांचा आवाज पाण्यात पडल्यासारखा विरून गेला. कुणीतरी म्हणालं, ह्या लोकांबरोबर कसली सही करताय, माणूस डोळ्यांसमोर मरू दिला यांनी. हे नक्की कुठल्या बाजूने आलं, ते गिरिजाला कळलं नाही. दोन्हीकडून आलं असावं.

तिने पेटी बाहेर काढून मांडीवर ठेवली. आता अंगठा ठेवला की तिचं काम संपत होतं. करार उघडेल, तो बहुधा चांगलाच असेल, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा एखादी बोट जळेल. न बोलण्यात काहीच अवघड नव्हतं. वीस दिवस ती तेच करत आली होती आणि तिला काही दुखलंही नव्हतं.

पराडकरांच्या मागे एक तरुण मुलगा बसला होता, तोच डॉक्टर असावा. तो कुणाकडेच बघत नव्हता. दोन्ही हात गुडघ्यांमधे दाबून तो फळ्यांकडे बघत होता. शेवंताबाई बोलता बोलता थांबल्या आणि पदराने तोंड पुसू लागल्या. त्यांचीही मान खाली गेली होती.

"मला काहीतरी सांगायचंय," गिरिजा म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. एका हातात पेटी घेऊन ती उठून उभी राहिली. बोट हलत होती, तिने बाकाची कड धरली.

"आप्पांना उतरायचं होतं."

आता सगळे तिच्याकडे वळले.

"अकरा दहाला त्यांनी मला फोन केला. इथूनच. छातीत भरून आलंय, पराडकरांच्या बोटीवर डॉक्टर आहे, जाऊ का, म्हणून विचारलं. जावं असं वाटतंय, असंही म्हणाले. ते उठले असते. तुम्ही कुणी त्यांना धरून ठेवलेलं नव्हतं."

"काय म्हणतंस गो?" शेवंताबाई म्हणाल्या.

"बोट सोडायची नाही हा नियम माझा आहे. तो तुम्ही पाळलात, दोघांनीही पाळलात. त्यांनी मोडायची परवानगी मागितली ती माझ्याकडे, कारण यंत्र माझं होतं. मी म्हणाले, पित्त असेल. मी म्हणाले, वीस मिनिटं थांबा. ते तेवीस मिनिटं थांबले." तिचा आवाज कुठेही चढला नाही. "हे मी तुमच्यापैकी कुणाला सांगितलं नाही. आत्ता तुम्ही एकमेकांना दोष देत होता तेही मला बरं वाटत होतं. आणि मी पित्त म्हणाले ना, ते मला खरं वाटत होतं म्हणून नाही म्हणाले. आप्पा बैठकीच्या मधे उगीच फोन करत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण त्या क्षणी मला त्यांची काळजी नव्हती वाटत. मला पट्टी भरण्याची काळजी वाटत होती."

तो तरुण डॉक्टर आता तिच्याकडे बघत होता, शेवंताबाईंनी तिला हाताला धरून मधल्या बाकावर बसवलं, आणि तिने पेटीवर अंगठा ठेवला.